विद्युत् भार आणि सूक्ष्म कणांची मांडणी



कंगवा आणि कागदाचे कपटे यांचा प्रयोग ज्या शाळेत कधीच झाला नाही अशी प्राथमिक शाळा क्वचितच सापडेल. कोरड्या केसांवरून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवावयाचा व तो कपट्यांजवळ न्यावयाचा. कपटे उड्या मारून कंगव्याला चिकटतात, मुले हसतात आणि फळ्यावर एक वाक्य लिहिले जाते, 'घर्षणाने वस्तूवर विद्युत् भार निर्माण होतो.' येथे तास संपतो व पुढच्या तासाला बहुधा वनस्पतींचे अवयव सुरू होतात. या लहानशा प्रयोगाला मात्र फार जुना इतिहास आहे, आणि त्याचे अलीकडचे टोक जगातील काही अतिशय प्रगत प्रयोगशाळांत जाऊन पोहोचले आहे. डोळ्यांना न दिसणारे व चिमट्यात न सापडणारे कण नेमक्या जागी कसे बसवावेत, हा तेथील प्रश्न असून त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक उत्तर कंगव्याच्या प्रयोगातच दडलेले आहे.

त्या उत्तराकडे वळण्यापूर्वी एक दुरुस्ती करणे अगत्याचे आहे. कपटे कंगव्याला का चिकटतात असे विचारले असता पुष्कळ वर्गांत एकच उत्तर ऐकू येते: कंगव्यावर ऋण भार असतो, कागदावर धन भार असतो, म्हणून. परंतु कागदावर धन भार आला कोठून? त्यास कोणी घासलेले नसते. वस्तुतः कपटा उदासीन असतो, म्हणजे त्यातील धन व ऋण भार समसमान असतात. (भार म्हणजे येथे वजन नव्हे, हेही मुलांस एकदा स्पष्ट सांगावे, शब्दाच्या सारखेपणामुळे पुष्कळ घोटाळा होतो.) ऋण भार असलेला कंगवा जवळ आला की कपट्यातील ऋण भार किंचित पलीकडे ढकलला जातो व कंगव्याकडील बाजूस धन भाराचे आधिक्य होते. कुलंब या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1785 मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे अंतर दुप्पट झाले की बल चौथ्या हिश्शावर येते. त्यामुळे जवळच्या धन भाराचे आकर्षण दूरच्या ऋण भाराच्या प्रतिसारणापेक्षा जास्त ठरते व कपटा ओढला जातो. काही कपटे चिकटल्यावर क्षणभरात पुन्हा उडून दूर जातात; कंगव्याचाच थोडा भार त्यांनी घेतलेला असतो, आणि सारखे भार एकमेकांस दूर लोटतात. ही गोष्ट चौकस मुलाच्या नजरेतून सुटत नाही, व ती त्याने विचारली तर पहिले चुकीचे उत्तर कामास येत नाही. भारित कण आणि उदासीन कण हे दोन्ही ओढले जातात, पण निरनिराळ्या कारणांनी, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील सर्व गोष्ट समजण्यास सोपी जाईल.

इ. स. 1777 मध्ये जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात लिश्टेनबेर्ग नावाचे प्राध्यापक होते. राळेची एक प्रचंड वडी तयार करून तिच्यावर विद्युत् भार साठविण्याचे प्रयोग त्यांनी चालविले होते. वडी घासून गुळगुळीत करताना राळेची बारीक धूळ खोलीभर उडाली होती. ती धूळ वडीवर खाली बसू लागली तेव्हा सर्वत्र सारखी बसली नाही. ठिकठिकाणी तिच्यापासून चांदण्यांसारख्या आकृती तयार झाल्या. ज्या जागी ठिणगी पडून भार पसरला होता, त्या त्या जागी धुळीने त्याचे जणू चित्र काढले होते. धूळ झाडून टाकली व पुन्हा शिंपडली तरी आकृती पुन्हा उमटे. धन भाराच्या आकृतीला लांब फाटे फुटलेले असत, तर ऋण भाराची आकृती गोलसर व आटोपशीर असे. त्या आकृती डिंक लावलेल्या काळ्या कागदावर उचलून त्यांचे ठसेही लिश्टेनबेर्ग यांनी घेतले. धन व ऋण भारांसाठी अधिक आणि वजा ही चिन्हे वापरण्याची पद्धतही त्यांचीच होय.

पुढे याच प्रयोगात गंधकाची पूड व शेंदूर यांचे मिश्रण वापरण्याची युक्ती निघाली. दोन्ही एकत्र करून कापडातून चाळले असता परस्पर घर्षणाने गंधकाचे कण ऋण व शेंदराचे कण धन भारित होतात. हे मिश्रण भारित पृष्ठावर पडले की पिवळा गंधक धन जागी आणि तांबडा शेंदूर ऋण जागी जाऊन बसतो. एकाच मुठीतून पडलेल्या दोन पुडी आपापली जागा आपणच ओळखतात. कोणता कण कोठे जावा हे पूड टाकणाराचा हात ठरवीत नाही. पृष्ठावर अगोदर असलेला भार ते ठरवितो. हा विचार लिश्टेनबेर्ग यांच्या काळी एक मनोरंजक चमत्कार म्हणून राहिला. त्याचा व्यवहारात उपयोग होण्यास दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली.

तो उपयोग करणारा मनुष्य चेस्टर कार्लसन हा होय. कार्लसन यांचा जन्म 1906 मध्ये अमेरिकेत सिअॅटल येथे झाला. बालपण दारिद्र्यात गेले. वडील आजारी असल्यामुळे लहानपणापासूनच त्यांना कुटुंबासाठी काम करावे लागले. भौतिकशास्त्राची पदवी मिळवून ते न्यूयॉर्कमधील एका कंपनीच्या पेटंट विभागात लागले. तेथे दस्तऐवजांच्या प्रती सतत लागत व त्या मिळण्याचे मार्ग दोनच, एक तर पुन्हा टंकलेखन करावयाचे किंवा महागडे छायाचित्र काढावयाचे. कार्लसन यांना संधिवात होता व दृष्टीही अधू होती. नकला करण्याचा त्रास चुकविण्यासाठी त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयात बसून अभ्यास सुरू केला आणि प्रकाशाने विद्युत् वाहकता बदलणाऱ्या पदार्थांवर त्यांचे लक्ष गेले. काही पदार्थ अंधारात विद्युत् निरोधक असतात, परंतु प्रकाश पडताच त्यांतून विद्युत् वाहू लागते. गंधक हा त्यांपैकी एक.

क्वीन्समधील अस्टोरिया या भागात एक लहानशी खोली भाड्याने घेऊन, ओटो कोर्नाय या ऑस्ट्रियातून आलेल्या तंत्रज्ञाच्या साहाय्याने, 22 ऑक्टोबर 1938 रोजी जो प्रयोग झाला तो कोणत्याही शिक्षकास समजेल इतका सरळ आहे. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा पातळ थर दिलेला होता. खोलीत अंधार करून तो थर सुती रुमालाने घासला, म्हणजे कंगव्याप्रमाणेच त्यावर भार आला. काचेच्या एका पट्टीवर शाईने तारीख व 'अस्टोरिया' हा शब्द लिहून ती पट्टी थरावर ठेवली आणि काही सेकंद प्रखर दिव्याचा उजेड पाडला. जेथे उजेड पोहोचला तेथील गंधकातून भार खालच्या जस्तात निघून गेला. अक्षरांच्या सावलीत मात्र तो तसाच राहिला. मग लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीच्या बीजकणांची पूड शिंपडून फुंकर मारली. सर्व पूड उडाली व अक्षरे तेवढी राहिली. मेण लावलेला कागद त्यावर दाबून, तापवून अक्षरे कागदावर कायम करण्यात आली.

यानंतरची वर्षे निराशेची होती. अनेक मोठमोठ्या कंपन्यांनी या शोधात रस दाखविला नाही. 1944 मध्ये बॅटेल या संशोधनसंस्थेने काम हाती घेतले, गंधकाच्या जागी सेलेनियम आले, हॅलॉइड नावाच्या छायाचित्र-कागदाच्या कंपनीने हक्क घेतले आणि कोरडे लेखन या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून या पद्धतीस नाव देण्यात आले. 1959 मध्ये त्याच कंपनीने सामान्य कचेरीत चालेल असे यंत्र बाजारात आणले व पुढे आपले नावही झेरॉक्स असेच ठेवले. आज तहसील कचेरीच्या दारात 'झेरॉक्स' असा फलक नसलेले तालुक्याचे ठिकाण नाही. सातबाराच्या उताऱ्याची किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत त्या यंत्रातून बाहेर पडते, तेव्हा आत घडते ते इतकेच: फिरत्या रुळावर भार दिला जातो, प्रकाशाने नको तेथील भार काढून टाकला जातो, उरलेल्या भाराच्या आकृतीवर काळी पूड बसते, ती कागदावर उतरते आणि उष्णतेने वितळून चिकटते. यंत्रातून बाहेर आलेला कागद कोमट लागतो तो यामुळेच. आपल्या गावातील मुलांपैकी पुष्कळांनी तो कोमट कागद हातात धरलेला असतो, पण कंगव्याच्या प्रयोगाशी त्याचे नाते कोणी त्यांना सांगितलेले नसते.

यंत्रातील त्या पुडीचा एक कण सामान्यतः मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहून काहीसा लहान असतो. डोळ्यांनी पाहावयाच्या अक्षरांसाठी तेवढा बारीकपणा पुरे होतो. परंतु गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांना याहून फार लहान कण हाताळण्याची गरज भासू लागली. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात, आणि 1 ते 100 नॅनोमीटर एवढ्या आकाराच्या कणांस नॅनोकण. हे माप मुलांना आकड्यांनी समजणार नाही. एका उदाहरणाने समजेल. दहा नॅनोमीटरचा कण फुगवून ज्वारीच्या दाण्याएवढा, म्हणजे सुमारे 4 मिलिमीटर केला, आणि त्याच प्रमाणात माणसाच्या डोक्याचा केस फुगविला, तर केसाची जाडी सुमारे 32 मीटर होईल. शाळेच्या अंगणातही तो मावणार नाही.

इतके लहान कण करावयाचे तरी कशासाठी, असा प्रश्न साहजिकच येईल. पदार्थ इतका लहान झाला की त्याचे गुणधर्म बदलतात. सोने पिवळे असते, परंतु सोन्याचे काही नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत असले की ते पाणी माणकासारखे लाल दिसते. काही अर्धवाहकांच्या कणांचा प्रकाश त्यांच्या आकारावरून ठरतो; कण लहान तर निळसर, मोठा तर तांबूस. अशा कणांपासून सूक्ष्म संवेदक, प्रकाश देणारे ठिपके व स्मृतिसाधने बनविता येतात. पण त्यांचा ढीग उपयोगाचा नसतो. प्रत्येक कण किंवा कणांचा लहानसा समूह पृष्ठावर ठरलेल्या जागी बसावयास हवा, आणि खरी अडचण येथेच आहे.

चिमट्याने एक कण उचलला असे मानले, तरी तो चिमट्याला चिकटेल व सुटणार नाही. याचे कारण साध्या गणितात आहे. वस्तूची लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी दहा पटीने कमी केली तर तिचे वजन हजार पटीने कमी होते, पण तिचे पृष्ठफळ शंभर पटीनेच कमी होते. म्हणून वस्तू लहान होत जाईल तसतसे वजनाचे महत्त्व घटते आणि पृष्ठावर चालणाऱ्या चिकटण्याच्या बलांचे महत्त्व वाढते. ज्वारी डब्यातून ओतली तर दाणेन्‌दाणा पडतो. तीच ज्वारी दळून पीठ केल्यावर डबा उपडा केला तरी पीठ कडेला चिकटून राहते. घरोघरी दिसणारे हे उदाहरण वर्गात अवश्य द्यावे. शिवाय नॅनोकण द्रवात असले की द्रवाच्या रेणूंचे धक्के त्यांना सतत बसत असतात व ते क्षणभरही स्थिर राहत नाहीत. एका चौरस सेंटिमीटरच्या जागेत असे कोट्यवधी कण मांडावयाचे तर एकेक उचलून ठेवण्यास आयुष्य पुरणार नाही. कणांना उचलून नेण्याऐवजी त्यांनाच ठरलेल्या जागी यावयास लावणे हा मार्ग उरतो, आणि लिश्टेनबेर्ग यांच्या धुळीने तो केव्हाच दाखवून ठेवला होता.

मात्र त्यासाठी भाराची आकृतीही तितकीच बारीक काढावयास हवी. प्रकाशाने ती काढण्यास मर्यादा आहे, कारण प्रकाशाच्या लहरींची लांबीच काहीशे नॅनोमीटर असते. म्हणून दुसऱ्या युक्त्या निघाल्या. अतिसूक्ष्म टोकाची सुई पृष्ठावरून फिरवून पृष्ठाचे चढउतार मोजणारा एक सूक्ष्मदर्शक 1986 मध्ये शोधून काढण्यात आला होता. दोनच वर्षांनी अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या संशोधकांनी अशाच सुईने विद्युत् निरोधक पृष्ठावर लहानशा ठिपक्यांत भार ठेवून दाखविला, व त्याच सुईने तो भार 'पाहिला'ही. सुई ही येथे लेखणी झाली. 2001 मध्ये स्वित्झर्लंडमधील झ्यूरिक येथे अशा लेखणीने काढलेल्या भाराच्या आकृतीवर द्रवातून सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचे, सूक्ष्म कण बसविण्यात यश आले.

सुईच्या लेखणीचा दोष उघड आहे. तिने बारीक लिहिता येते पण सावकाश लिहावे लागते; एकेक ओळ गिरवीत जावयाचे. हस्तलिखित पोथी आणि छापील पुस्तक यांत जो फरक, तोच येथेही होता. छापण्याची सोय झाली ती त्याच वर्षी, हार्वर्ड विद्यापीठात. हायको जेकब्स व जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी सिलिकॉन रबराचा एक लवचीक शिक्का तयार केला. त्यावरची नक्षी उठावाची होती व तिच्यावर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा दिलेला होता. सिलिकॉनच्या चकतीवर अॅक्रिलिक प्लॅस्टिकचा पातळ थर देऊन त्यावर हा शिक्का टेकविला आणि काही क्षण विद्युत् दाब दिला. जेथे उठाव टेकला तेथेच थरात भार शिरला, इतरत्र नाही. ग्रामपंचायतीचा शिक्का कागदावर मारावा त्याप्रमाणे भाराची संपूर्ण आकृती एकदम उमटली. फरक इतकाच की शाईच्या जागी विद्युत् होती. एक चौरस सेंटिमीटर जागेवर 150 नॅनोमीटरहून बारीक तपशील 20 सेकंदांच्या आत उमटविता येतो असे त्यांनी दाखविले. नंतर त्यावर पूड सोडली की कण नक्षीप्रमाणे बसतात. झेरॉक्सशी असलेले नाते न लपविता या पद्धतीस पुढे 'नॅनोझेरोग्राफी' असे नाव पडले.

अॅक्रिलिकच का, हेही थोडे समजून घेणे इष्ट आहे. धातूवर ठेवलेला भार लगेच सर्वत्र पसरतो, त्यामुळे त्यावर आकृती टिकत नाही. मेण, राळ, गंधक, अॅक्रिलिक हे विद्युत् निरोधक असल्यामुळे भार ठेवला तेथेच अडकून पडतो. जे पदार्थ असा भार दीर्घकाळ धरून ठेवतात त्यांस 'इलेक्ट्रेट' म्हणतात. चुंबकास इंग्रजीत मॅग्नेट म्हणतात त्याच धर्तीवर हा शब्द ओलिव्हर हेविसाइड यांनी 1885 मध्ये बनविला. शब्द अपरिचित असला तरी वस्तू अपरिचित नाही. 2020 च्या महामारीत एन-95 नावाचे जे मुखाच्छादन सर्वांना माहीत झाले, त्याच्या मधल्या पदरातील तंतूंवर असाच कायमचा भार दिलेला असतो. तंतूंमधील फटींतून सहज निसटून जातील असे सूक्ष्म कणही त्या भारामुळे तंतूंकडे ओढले जाऊन अडकतात. साबणाने किंवा स्पिरिटने धुतल्यास तो भार जातो. कापड दिसावयास जसेच्या तसे राहते, पण त्याचे काम करण्याचे सामर्थ्य बरेच घटते. ते मुखाच्छादन धुऊ नये असे त्या दिवसांत सांगितले जात असे, त्याचे एक कारण हेच होते, परंतु कारण क्वचितच कोणी सांगितले.

आता कणांची बाजू. ते आकृतीवर हवेतून आणता येतात किंवा द्रवातून. द्रवातून आणावयाचे तर पाणी फारसे सोयीचे नसते, आणि याचे कारण समजण्यासाठी तुरटीकडे पाहावे. पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी घागरीत भरून ठेवले तर त्यातील बारीक माती रात्रभरही खाली बसत नाही. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर पाण्यात ऋण भार असतो. सर्वांवर सारखाच भार असल्यामुळे ते एकमेकांस दूर लोटतात, एकत्र येत नाहीत, आणि म्हणून तरंगत राहतात. त्या पाण्यात तुरटी फिरविली की तुरटीतील अॅल्युमिनियमचे धन भारित आयन मातीचा ऋण भार निष्प्रभ करतात. मग कण एकमेकांस चिकटून गोळे होतात व तळाशी बसतात. आजीबाईंनी वर्षानुवर्षे केलेली ही क्रिया शुद्ध विद्युत्‌शास्त्राची आहे. मायकेल फॅरडे यांनी 1857 मध्ये सोन्याच्या सूक्ष्म कणांच्या लाल द्रवात मीठ टाकले तेव्हाही असेच घडले. रंग निळसर झाला व कण एकत्र येऊ लागले. त्यांनी तयार केलेल्या सुवर्णद्रवाचे नमुने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेले आहेत.

यावरून नॅनोकणांच्या मांडणीतील अडचण ध्यानात येईल. कणांवरील भार त्यांना आकृतीकडे नेतो आणि तोच भार त्यांना एकमेकांपासून अलगही ठेवतो. द्रवात क्षार विरघळलेला असला तर दोन्ही कामे बिघडतात, कारण क्षाराचे विरुद्ध भारित आयन कणांभोवती व आकृतीभोवती गोळा होऊन तिचा प्रभाव झाकून टाकतात. म्हणून शास्त्रज्ञ पुष्कळदा पाण्याऐवजी विद्युत् न वाहणारे द्रव वापरतात, किंवा अतिशुद्ध पाण्यात थोडाच वेळ चकती बुडवून काढतात. विरुद्ध भार असलेले कण सरळ ओढले जातात व सामान्यतः त्यांचा एकच थर बसतो, कारण पहिल्या थराने आकृतीचा भार झाकला जातो व त्यावरचे सारख्याच भाराचे कण दूर लोटले जातात. उदासीन कण मात्र कागदाच्या कपट्याप्रमाणे, भार इकडेतिकडे सरकून ओढले जातात. ते एकमेकांस दूर लोटीत नसल्यामुळे आकृतीचे बल पोहोचेल तितके थर एकावर एक चढतात. फ्रान्समधील तुलूज येथील संशोधकांनी या दुसऱ्या प्रकाराचा चांगला उपयोग केला. 2013 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कामात, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पडला असता दृश्य प्रकाश देणाऱ्या नॅनोस्फटिकांचे लहानसे उंचवटे भाराच्या आकृतीवर रचून दाखविले आहेत. वस्तू खरी की नकली हे ओळखण्यासाठी अशी खूण उपयोगी पडावी असा त्यांचा हेतू आहे. नकली बियाणे व नकली औषधे यांनी ज्यांचे नुकसान झाले आहे त्यांना या संशोधनाचे मोल वेगळे सांगावयास नको.

हे सर्व अद्याप मुख्यतः प्रयोगशाळांतच आहे. भार हळूहळू गळतो, दमट हवेत लवकर गळतो. काही कण नको तेथे बसतात, काही जागा रिकाम्या राहतात. झेरॉक्सच्या प्रतीत एखादा काळा ठिपका चुकून पडला तर वाचण्यात अडचण येत नाही, परंतु सूक्ष्म विद्युत् मंडलात एक कण चुकला तर संपूर्ण मंडल बिघडू शकते. वर्तमानपत्रांतून नॅनोतंत्राविषयी जे भरमसाट लिहिले जाते ते वर्गात जसेच्या तसे सांगू नये.

मुलांना दाखविता येण्यासारखा प्रयोग मात्र अगदी साधा आहे. पारदर्शक प्लॅस्टिकचा कडक तुकडा घ्यावा. अॅक्रिलिकची पाटी मिळाल्यास उत्तम. तो ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावा, म्हणजे आधीचा इकडचा तिकडचा भार निघून जाईल. काडीच्या टोकाला लोकरीचा तुकडा घट्ट गुंडाळून त्याने पाटीवर 'अ' हे अक्षर आठदहा वेळा गिरवावे. या वेळी पाटीवर काहीही दिसणार नाही, आणि मुलांनी ते नीट पाहावे यासाठी क्षणभर थांबावे. नंतर बारीक चाळलेली हळद किंवा अंगाला लावावयाची पावडर पातळ कापडातून अलगद भुरभुरावी, पाटी तिरपी करून मागून टिचकी मारावी. गिरविलेल्या जागी पूड जास्त राहते व अक्षर वर येते. त्याच्या कडा काहीशा केसाळ दिसतात. जुन्या पुस्तकांत दिलेले शेंदूर व गंधक यांचे मिश्रण मुलांच्या हाती कदापि देऊ नये. शेंदूर हे शिशाचे संयुग असून विषारी आहे.

थंडीच्या दिवसांत, देशावरील कोरड्या हवेत, सकाळी ऊन पडल्यावर हा प्रयोग बहुधा पहिल्याच खेपेस साधतो. कोकणात पावसाळ्यात तो जवळजवळ निश्चित फसतो, कारण पाटीवर पाण्याचा अदृश्य पातळ थर बसतो व त्यावरून भार पसरून निघून जातो. प्रयोग फसला तर घाईघाईने फळ्याकडे वळून 'असे व्हावयास हवे होते' असे सांगणारे शिक्षक थोडे नाहीत. त्या मुलांच्या मनात विज्ञान म्हणजे पुस्तकात घडणारी व वर्गात न घडणारी गोष्ट अशी समजूत कायमची बसते. त्यापेक्षा फसण्याचाच प्रयोग करावा. अक्षर गिरवून झाल्यावर, पूड टाकण्यापूर्वी, एका मुलास अक्षराच्या अर्ध्या भागावर तोंडाने जवळून वाफ सोडावयास सांगावे. वाफेचा ओलावा पूर्ण उडून जाईपर्यंत थांबावे, नाहीतर पूड ओलाव्यालाच चिकटेल. मग पूड टाकावी. वाफ लागलेला भाग पुसट राहिला तर त्याचे कारण वर्गाला विचारावे, आणि उत्तर येण्यास दोन दिवस लागले तरी लागू द्यावेत. तिसरी-चौथीतील मुलेही 'ओल' या शब्दापर्यंत पोहोचतात. तेथून पुढे भाराच्या गळतीपर्यंत त्यांना नेणे कठीण नाही. वरच्या वर्गात लोकरीऐवजी रेशीम, सुती कापड व पॉलिएस्टर वापरून कोणत्या कापडाने अक्षर अधिक स्पष्ट येते हे मुलांनीच वहीत नोंदवावे. पाटी पुन्हा ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळविली की दुसऱ्या तुकडीसाठी ती तयार होते.